त्याले सांग, बाबाले सांग

आमच्या घरात जेवणाची एक रीत होती. यांचं ताट खिडकीखाली, मुलाचं ताट दाराजवळ, आणि मी गॅसच्या ओट्याशी पाटावर. दोघांच्या मधात फार तर चार हात फरशी. हे म्हणायचे, "त्याले सांग, उद्या फवारणीवाला येऊन राह्यला." मी मान वळवायची आणि म्हणायची, "बाबा म्हणतात, उद्या फवारणीवाला येणार आहे." मुलगा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचा, "बाबाले सांग, मले माहीत हाये. मीच फोन केला होता त्याले." मी पुन्हा मान इकडे. "तो म्हणते, त्यानंच बोलावला."

चार हात फरशी बरं का. दोघांचेही कान शाबूत. हे तर बगीच्यातून घरच्या कुकरची शिट्टी ऐकून परत फिरणारे. पण मी सांगेपर्यंत कोणालाच काही ऐकू यायचं नाही. माझी मान दुखायची हो. थट्टा नाही, खरंच दुखायची. वरुडच्या डॉक्टरांनी गळ्यात घालायला पट्टा दिला आणि विचारलं, "आजी, असं काय काम करता तुम्ही?" मी म्हटलं, "घरचंच."

आमचं गाव शेंदूरजनाघाटच्या अलीकडे. काळी जमीन, संत्र्याचा बगीचा. हा अबोला सुरू झाला तोही संत्र्यापायीच. बगीचा पाहायला व्यापारी आला होता. बाजेवर बसून चहा घेत होता. मुलगा त्याला फळाबद्दल काही सांगायला लागला, तर हे मधातच म्हणाले, "त्याले काय विचारता? तो मोबाइलात पाहून शेती करते." व्यापारी हसला. तो हसला नसता तर कदाचित निभावलं असतं. मुलगा कप ठेवून उठला. दिवेलागणीला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "माय, बाबाले सांग, आजपासून मी त्यायच्याशी बोलणार नाही." मी सांगितलं. माझा पहिला निरोप तोच. हे म्हणाले, "त्याले सांग, माह्यं काही अडत नाही." तो दुसरा. मला वाटलं, आठ दिवस चालेल. तीन वर्षं चाललं.

तुम्ही म्हणाल, घरात सून नव्हती का? होती. वरुडच्या दवाखान्यात नर्स आहे ती. मोठी शहाणी. पहिल्या महिन्यात तिनं एकदा निरोप नेला, तर दोघांनी तिलाच झापलं. त्या दिवशी तिनं मला सांगून टाकलं, "आई, मी भाकरी करीन, भांडी घाशीन, तुमचे पाय दाबीन. पण या दोघायचे निरोप नाही नेणार." आणि खरंच कधी नेले नाहीत. तिच्यासमोर हे "सांग त्याले" म्हणाले की ती सरळ दळण घेऊन निघून जायची. मला ते कधी जमलं नाही. कोणी माझ्या हातात काही दिलं की मी ते घेते आणि ज्याचं त्याला नेऊन देते. सवयच तशी.

पण त्यात मी अडकत गेले ते मला कळलं नाही.

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. एकटीच आहे. मला चौथीनंतर शाळेतून काढलं. तिला मात्र शिकवलं. ती शाळेतून आली की मी तिचं पुस्तक मांडीवर घ्यायची आणि ती भाकर खाता खाता आदल्या दिवशीचा धडा मला विचारायची. चौथीपुढचं वाचायला मी अशी शिकले. पुढे खताच्या पोत्यावरची, औषधाच्या डब्यावरची इंग्रजी अक्षरं लावत लावत तेही थोडंफार जमवलं. त्याचं मूळ तिच्याकडे. तर तिच्याकडे वर्षातून एकदा आठ-पंधरा दिवस राहायचं, हा माझा नेम होता. वरुडहून अमरावती, तिथं स्टँडवर गाडी बदलायची, मूर्तिजापूरवरून अकोला. डब्यात दशम्या आणि चटणी.

अबोला सुरू झाल्यावर मी एकदाच गेले, दोन दिवसांसाठी. त्या दोन दिवसांत काय झालं ऐका. यांनी सकाळी माणूस लावून वरच्या तीन ओळी फवारल्या. मुलगा दुपारी वरुडहून आला आणि त्यानं त्याच तीन ओळी, तेच औषध, पुन्हा फवारलं. कोणी कोणाला सांगणार? सांगणारी अकोल्यात. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. मी परत आले तर दोघंही माझ्याकडे असे पाहत होते जसं काही दोन्ही वेळा नळी माझ्याच हातात होती. त्यानंतर मी घराबाहेर मुक्काम केला नाही. नणंदेच्या मुलीच्या लग्नालाही अक्षता टाकून त्याच दिवशी परत.

अबोल्याच्या तिसऱ्या वर्षी दिवाळीत बहिणीचा फोन आला. दोन्ही गुडघे गेले होते, ऑपरेशन ठरलं होतं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. "ताई, वीस-पंचवीस दिवस लागतील. तू येशील ना? दुसरं कोण हाये मले?" मी म्हटलं, "येते." फोन ठेवला आणि घरात कोणालाच सांगितलं नाही. दिवसाला पन्नास निरोप नेणारी बाई, पण स्वतःचा एक निरोप काही तोंडातून निघेना.

त्याच हिवाळ्यात नातीची दहावी होती. ती बाहेरच्या ओट्यावर अभ्यासाला बसायची आणि मी तिच्याजवळ शेंगा फोडत. एक दिवस तिनं संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर जाड पेनानं शब्दांची एक रांग लिहून भिंतीला टेकवून ठेवली. सेड, टोल्ड, आस्क्ड, ऑर्डर्ड, रिक्वेस्टेड, वॉर्न्ड, थ्रेटन्ड, बेग्ड, प्रॉमिस्ड, डिनाइड, अ‍ॅडमिटेड, सजेस्टेड.

"हे काय होय वं?"

"रिपोर्टिंग व्हर्ब, आजी. एकानं काय म्हटलं ते दुसऱ्याले आपल्या शब्दात सांगाचं. अवतरणचिन्हं काढून टाकाची. 'मी'चा 'तो' कराचा, 'उद्या'चं 'दुसऱ्या दिवशी'."

"याचे मार्क भेटतात?"

"भेटतात म्हणजे! पण नुसतं सेड-सेड लावलं तर सर कापतात. तो माणूस कोणत्या मनानं बोलला ते पाहा लागते. हुकूम केला का विनंती केली, का धमकी देली. तसं क्रियापद."

मला हसू आवरेना. हेच काम मी तीन वर्षं फुकटात करत होते! तिनं एकेका शब्दाचा अर्थ सांगितल्यावर म्हटलं, "विचार मले." ती मराठीत वाक्य टाकायची, मी पुठ्ठ्याकडे पाहून शब्द सांगायची.

"'विहिरीकडं नको जाऊ, पाय घसरेल.'"

"वॉर्न्ड."

"'कप मी नाही फोडला.'"

"डिनाइड. तूच फोडला होता."

"'बरं बाप्पा, मीच फोडला.'"

"अ‍ॅडमिटेड."

"'चला, सगळे चिखलदऱ्याले जाऊ.'"

"सजेस्टेड. पण कोण नेऊन राह्यलं आपल्याले?"

एकही चुकलं नाही माझं. नात म्हणाली, "आजी, तूच बस परीक्षेले." तिनंच मला आणखी एक गोष्ट सांगितली. सेड एकटं उभं राहू शकतं, पण टोल्डच्या मागं माणूस लागतो. कोणाला सांगितलं ते लिहावंच लागतं. ते मला फार पटलं. मी शेंगा फोडता फोडता कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं.

मग आम्ही घरातलीच वाक्यं घेऊ लागलो आणि तिथं घोळ झाला. एका संध्याकाळी हे आतून ओरडले, "त्याले सांग, त्या फटफटीचा आवाज गावाच्या बाहेर ठेवून येत जा! दाराशी आणून काय वाजवते!" मुलगा गाडी लावत होता. मी बाहेर येऊन म्हटलं, "बाबा म्हणतात, गाडी जरा हळू लावत जा." तो हं म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. मी वळले तर नात पेन तोंडात धरून माझ्याकडे पाहत होती.

"आजी, आबानं ऑर्डर केली. तू रिक्वेस्ट सांगतली."

"मग?"

"बदललं तू. हे चूक हाये."

"अगं, ऊन ऊन तसंच वाढलं तर तोंड भाजते माणसाचं. जरा फुंकर मारून देते मी."

"पेपरात फुंकर नाही चालत, आजी. पूर्ण मार्क जातात."

मी तिला पुस्तकात डोकं घालायला सांगितलं. पण खरं होतं तिचं. तीन वर्षांत मी एक निरोप जसाच्या तसा नेला नव्हता. मुलगा म्हणायचा, "बाबाले सांग, त्यायचा जमाना गेला." मी यांना सांगायची, "तो म्हणते, आता नवीन नवीन पद्धती आल्या आहेत." हे म्हणायचे, "अकलेचा कांदा." मी सांगायची, "बाबा म्हणतात, विचार करून कर." मला त्याचा अभिमान होता हो. वाटायचं, माझ्यामुळे घर टिकून आहे.

आता संत्र्याचं थोडं सांगावं लागेल. आंबिया बहार घ्यायचा, म्हणजे थंडी सरताना फूल आणायचं, तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं. झाड तहानेलं ठेवायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळू लागतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. घाई केली तर फूल कमी आणि नवती जास्त. म्हणजे नुसती कोवळी पानंच पानं, दिसायला हिरवंगार आणि हाती काही नाही. आमची जमीन काळी, भारी. ओल धरून ठेवते. म्हणून आमच्याकडे ताणाला दिवस जास्त लागतात. ही गोष्ट यांच्या हाडात आहे. मुलाला ती माहीत नव्हती असं नाही, पण शेजारच्या हलक्या जमिनीतल्या बगीच्याला पाणी सुटलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा.

जानेवारी लागला होता. हे आतून म्हणाले, आणि चांगले मोठ्यानं म्हणाले, "त्याले सांग, संक्रांत झाल्याबिगर ठिबकच्या कॉकले हात लावला तर तंगडं तोडून हातात देईन. काळी जमीन हाये. त्याले दिसते का काही?"

मुलगा ओट्यावर पाय लांब करून बसला होता. दिवसभराचा थकलेला. पायांना चिखल, डोळे लाल. माझ्यानं बोलवेना. मी म्हटलं, "बाबा म्हणतात, संक्रांतीच्या आसपास पाहू पाण्याचं. काळी जमीन आहे म्हणे."

"आसपास म्हणजे?"

"म्हणजे... तेव्हाच."

"बरं," तो म्हणाला.

नात भिंतीशी बसून लिहीत होती. तिनं वर पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

संक्रांतीला आठ दिवस असताना त्यानं पाणी सोडलं. त्याच्या मते ते आसपासच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बगीच्यातून आले ते हातात ओल्या मातीचं ढेकूळ घेऊनच. ते त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

"हे काय होय? इचार त्याले."

"बाबाले सांग, त्यायनंच म्हटलं होतं संक्रांतीच्या आसपास..."

"म्या? म्या म्हटलं होतं? सांग त्याले म्या काय म्हटलं होतं!"

मग दोघंही थांबले. तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांची नजर एकाच जागी आली, आणि त्या जागी मी होते, हातात उलथनं धरून. तव्यावरची भाकर करपायला लागली. ती आधी उतरवली आणि मग सांगितलं, "यांनी म्हटलं होतं, तंगडं तोडीन. आसपास मी म्हटलं."

मुलगा रागावेल असं वाटलं होतं. पण त्यानं हळूच विचारलं, "माय, तू नेहमीच असं करते का?"

मी करपलेली भाकर टोपलीत ठेवली.

"मागच्या साली मी फवारणीचा ब्लोअर आणला तेव्हा बाबा म्हणाले होते ना, काम चांगलं केलं म्हणून? तू सांगतलं होतं मले."

मी उलथन्याकडे पाहत म्हटलं, "ते मी म्हटलं होतं."

त्याचं तोंड असं झालं की मी ते आजही विसरू शकत नाही. चाळिशीचा माणूस तो; एवढ्याशा वाक्यावर वर्षभर जगत होता आणि मी ते त्याच्या हातून काढून घेतलं. यांनी मात्र काहीच विचारलं नाही. खाली बसले, ढेकूळ उचललं आणि अंगणात टाकून आले. त्यांच्याजवळही मुलाचं म्हणून असं एखादं वाक्य जपून ठेवलेलं असणार. ते खरं का खोटं, हे त्यांना विचारायचं नव्हतं. मला ठाऊक आहे ते कोणतं. पण मी ते इथं लिहिणार नाही.

त्या दिवशी भांडी घासताना मला आणखी एक गोष्ट कळली आणि हातातली राख हातातच राहिली. हे मला एकांतात कितीदा म्हणायचे, "पोरगा नरमला हाये. येईल एक दिवस आपणहून बोलाले." मुलगाही म्हणायचा, "बाबा आता पह्यल्यासारखे नाही राह्यले. एखाद्या दिवशी हाक मारतील." दोघंही वाट पाहत होते. का पाहणार नाहीत? माझे निरोप ऐकून प्रत्येकाला वाटायचं की समोरचा आता येतोच आहे. मग आपण कशाला उठायचं? म्हणजे मला ज्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, तिची कडी मीच रोज आतून लावत होते, आणि तीही मोठ्या प्रेमानं.

त्यानंतर हुकूम निघाला. दोघांचाही, वेगवेगळा, पण सारखाच. "शब्दाले शब्द सांगजो." आता मला फुंकर मारायचीही सोय राहिली नाही. मी नातीच्या पुठ्ठ्याप्रमाणे कामाला लागले. आधी क्रियापद सांगायची आणि मग वाक्य.

"बाबांनी धमकावलं, की ब्लोअर पुन्हा उघड्यावर ठेवला तर भंगारवाल्याले देतील."

"बाबाले सांग, धमक्या कोणाले देता?"

"त्यानं उलट विचारलं, धमक्या कोणाला देता."

"म्या धमकी कुठं देली?" हे माझ्यावरच चिडले. "म्या नुसतं सांगतलं."

"मग नुसतं सांगितल्यासारखं बोलत जा."

सून दारामागं तोंडात पदर घालून हसत होती. मला हसू येत नव्हतं. पूर्वी निदान शब्द माझे असायचे. आता दोघांचा राग माझ्या तोंडून निघत होता आणि संध्याकाळपर्यंत माझ्या जिभेला कडू चव यायची. घरातून उठून ओट्यावर गेले तर मागून आवाज, "आयकलं का, त्याले सांग." ओट्यावरून न्हाणीत गेले तर दारावर टकटक, "माय, बाबाले इचार."

जानेवारी सरत आला तेव्हा बगीच्यानं आपलं सांगून टाकलं. चकचकीत नवती, आणि फूल कुठं एखाद्या फांदीला, कुठं नाही. दोघंही वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहून आले. त्यावर कोणी कोणालाच निरोप दिला नाही. ते मला जास्त लागलं.

आणि तिकडे बहिणीचा रोज फोन. "ताई, बॅग भरली का? ताई, मंगळवार हाये हं." शेवटी एका दुपारी जेवताना मी म्हणून टाकलं, "मी सोमवारी अकोल्याला चालली. बहिणीचं ऑपरेशन आहे. वीस दिवस राहीन."

हात थांबले दोघांचे. मग यांनी काय म्हणावं? "त्याले सांग, तुही माय चालली म्हणून."

तो समोर बसला आहे. माझं वाक्य त्यानं ऐकलं आहे. आणि तो म्हणतो, "बाबाले इचार, जाऊ देऊन राह्यले का."

मी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. माझ्या जाण्याचा निरोपही मीच न्यायचा होता. आणि नेला हो मी! सवयीनं मान वळली आणि मी म्हणाले, "तो विचारते, जाऊ देता का." मग स्वतःचीच लाज वाटली.

"वीस दिवस?" हे म्हणाले. "मागच्या खेपेले दोन दिवसांत पानं जाळली. आता काय झाडं जाळता?"

मुलगा म्हणाला, "माय, पोरीची परीक्षा हाये. अन् नवतीवर कीड येईल, रोजचं पाहा लागते. मावशीले एखादी बाई लावून देऊ ना."

तीन वर्षांत दोघांचं एकमत झालं ते मला न सोडण्यावर. मी ताटाकडे पाहत बसले. बोलण्यासारखं खूप होतं, पण बोलले असते तर त्याचाही निरोप झाला असता.

सून पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "आई, तुम्ही जा. डबे मी करीन, पोरीचा अभ्यास मी पाहीन. निरोप तेवढे नाही करणार, आधीच सांगून ठेवते." सगळ्यांनाच सांगितलं तिनं ते, कोणाचं नाव न घेता.

सोमवारी मुलानं मला गाडीवर वरुडच्या स्टँडवर सोडलं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "माय, फोन चालू ठेवजो." मला तेव्हाच कळायला हवं होतं. अमरावतीच्या स्टँडवर उतरले तोच पहिला फोन. "त्याले सांग, येताना तार आण म्हणा." मी सांगितलं. मूर्तिजापूर येईपर्यंत तीन झाले. शेजारची बाई म्हणाली, "मोठा कारभार दिसतो तुमचा." मी म्हटलं, "हो ना."

मंगळवारी सकाळी बहिणीला हिरवा झगा घालून खाटेवर बसवलं होतं. केसांना टोपी. एरवी चाळीस-चाळीस पोरांना गप्प करणारी बाई, माझं मनगट धरून बसली होती. बोटं थंडगार. "आता नेतील," म्हणाली. "दारापर्यंत ये हं." तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला.

"हॅलो. त्याले सांग, मोटर चालू ठेवली काय, पान्याचा आवाज येऊन राह्यला."

"कुठं आहे तो?"

"हा काय, ओट्यावर."

आणि मला तो ऐकू येत होता. त्याचं खाकरणं, बादलीची कडी. मी अकोल्यात, ते दोघं सहा पावलांवर, आणि मी मधात. बहीण म्हणाली, "जा, बोलून ये बाहेर." आणि तिनं मनगट सोडलं. ते सोडणं मला लागलं. मी उठले नाही.

"अवो, त्या फोनमध्ये स्पीकर आहे ना? पोरीनं शिकवलं होतं ते बटण. दाबा."

"कायले?"

"दाबा तर."

खटखट झालं. मग अंगणातल्या चिमण्या ऐकू आल्या, सुनेच्या कुकरची शिट्टी. "दाबलं," हे म्हणाले. "सांग आता."

मी काहीच सांगितलं नाही.

"हॅलो? आयकू येते का वं? सांग ना त्याले."

मी तशीच. बहीण माझ्याकडे पाहत होती. एवढा वेळ गप्प राहिलेली मी स्वतःलाच आठवत नव्हते. मग लांबून मुलाचा आवाज आला, "मोटर बंद हाये. वरच्या अंगचा पाइप फुटला असंन. चाललो मी पाहाले."

पुन्हा चिमण्या. मग यांचा आवाज, जरा घोगरा. "पाना घेऊन जा."

हे कोणाला म्हणाले ते मी नंतरही विचारलं नाही. मला नक्कीच नाही. अकोल्याच्या दवाखान्यात मी पाना घेऊन कुठं जाणार? मी फोन बंद केला. नर्स स्ट्रेचर घेऊन आली होती. बहिणीचं बोट धरून मी दारापर्यंत गेले. दार लागलं.

दुपारी तिला परत आणलं. पांढरी पडली होती, ओठ सुकलेले. डोळे उघडले आणि पहिला शब्द, "पानी."

"चार वाजेपर्यंत नाही."

"कोण म्हणते?"

"डॉक्टर."

"थोडं दे म्हटलं असंन. ओठ ओले कराले."

तिचे ते ओठ पाहून माझ्या जिभेवर आलंच होतं, हो, थोडं चालेल म्हणाले. टेबलावर तांब्या होता, चमचाही होता. मी तांब्या उचलून खिडकीत, तिला दिसणार नाही असा ठेवला.

"एक थेंब नाही म्हणाले. अस्संच म्हणाले. मनाई केली."

"लय कडक हायेस तू," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

पिशवीत फोन पुन्हा वाजायला लागला. वाजत राहिला, थांबला, परत वाजला. चार वाजायला वीस मिनिटं होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तिचा हात धरून बसले.